मेटल क्लेचे नक्षीदार ब्रेसलेट: नक्षी उठावदार हवी, पट्टी पातळ नको

मेटल क्लेचे, म्हणजे भाजल्यावर धातू होणाऱ्या क्लेचे, पेंडंट गळ्यात नुसते लोंबते. ब्रेसलेट दिवसभर टेबलाच्या कडेवर, स्कूटरच्या हँडलवर, सिंकच्या काठावर आपटत असते आणि प्रत्येक धक्क्याला त्याची एक पट्टी शेजारच्या पट्टीला ओढते. म्हणून पेंडंटला जी जाडी आणि जी भाजणी पुरते, ती इथे पुरत नाही. क्ले थोडी जाड लाटली की काम झाले, असे वाटते खरे. पण पट्टी तुटते ती तिच्या सर्वांत पातळ जागी, आणि ती पातळ जागा बहुतेक वेळा नक्षीनेच तयार केलेली असते. तिथे नाही तुटली तर भोकाच्या बाहेर उरलेल्या अरुंद काठावर तुटते. पुढची सगळी मापे या दोन जागा सांभाळण्यासाठीच आहेत.

आधी पदार्थ समजून घेऊ. चांदीची अतिशय बारीक पूड, जळून जाणारा सेंद्रिय चिकट पदार्थ आणि पाणी यांचा गोळा म्हणजे सिल्व्हर क्ले. जपानच्या मित्सुबिशी मटेरियल्सने 1990 च्या सुमारास ती पीएमसी (प्रेशस मेटल क्ले) या नावाने तयार केली. आइडा केमिकलची आर्ट क्लेही जपानचीच. गोळ्याच्या वजनात साधारण 90 ते 92 टक्के चांदी असते, बाकी पाणी आणि चिकट पदार्थ. भट्टीत तापवल्यावर चिकट पदार्थ जळून जातो, चांदीचे कण एकमेकांना टेकतात आणि जिथे टेकतात तिथे जोडले जातात. चांदी वितळत नाही. शुद्ध चांदी 961.8 अंश सेल्सिअसला वितळते. आपण त्याच्या खाली थांबतो आणि कणांना जोडले जायला वेळ देतो. तापमान आणि वेळ, दोन्ही पूर्ण मिळाले तर धातू चिवट होतो. तरीही आत सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यामुळे सोनाराकडच्या लाटलेल्या पत्र्याइतकी ताकद याला कधीच येत नाही. ही मर्यादा मान्य करूनच मापे धरायची.

कणांमधली जागा बुजते म्हणून वस्तू आक्रसते. पीएमसी 3, आर्ट क्ले अशा आजच्या सिल्व्हर क्ले साधारण 8 ते 12 टक्के आक्रसतात. अगदी सुरुवातीची पीएमसी तर 28 टक्क्यांच्या आसपास आक्रसत असे. म्हणून जुन्या पुस्तकातली मापे आजच्या पाकिटाला लावू नका. पाकिटावर 10 टक्के लिहिले असले तरी तुमच्या हातचा आकडा थोडा वेगळा येतो, कारण मळताना घातलेले पाणी आणि भाजण्याचे तापमान दोन्ही त्यात मोजले जातात. उपाय सोपा आहे. 50 मिमी लांब, 10 मिमी रुंद आणि 1.5 मिमी जाड अशी चाचणीपट्टी करा, ब्रेसलेट जसे भाजणार तशीच भाजा आणि मोजा. 45 मिमी भरली तर आक्रसणे 10 टक्के. ही पट्टी फेकू नका, तिचे आणखी एक महत्त्वाचे काम पुढे आहे.

आता मनगटाचे माप. कापडी टेप मनगटाच्या हाडाखाली सैल न सोडता गुंडाळा. समजा 16 सेमी आले. ब्रेसलेटला त्याहून दीड सेमी जास्त लागते, म्हणजे 17.5 सेमी. यासाठी सहा पट्ट्या, प्रत्येकी भाजून झाल्यावर 24 मिमी लांब आणि 14 मिमी रुंद, हे माप हाताला बरे बसते. सहा पट्ट्यांचे 144 मिमी झाले. मधली पाच अंतरे प्रत्येकी 2 मिमी, म्हणजे 10 मिमी. हूक आणि त्याच्या कड्या मिळून सुमारे 20 मिमी. एकूण 174 मिमी. मनगट मोठे असेल तर पट्टीची लांबी वाढवू नका, पट्ट्यांची संख्या वाढवा. 30 मिमीची पट्टी मनगटाच्या वळणावर बसत नाही, तिची टोके उचलली जातात आणि बाहीत अडकतात.

ओल्या क्लेत किती कापायचे, ते भागाकाराने काढायचे: हवे ते माप भागिले 0.9. इथे 24 ऐवजी साधारण 26.7 मिमी आणि 14 ऐवजी 15.6 मिमी. यात बहुतेकांची चूक होते ती अशी, की 24 मध्ये 10 टक्के मिळवून 26.4 धरतात. एका पट्टीत फरक किरकोळ वाटतो, पण आक्रसणे 15 ते 20 टक्के असलेल्या तांब्याच्या क्लेला हाच हिशेब लावला तर ब्रेसलेट उघड लहान होते.

क्ले किती घ्यायची? सहा पट्ट्या कापून झाल्यावर त्यांत साधारण 22 ते 25 ग्रॅम ओली क्ले उरते, पण अखंड लाटायला 31 ग्रॅमच्या आसपास लागते आणि चाचणीपट्टीला 5 ग्रॅम. 25 ग्रॅमची दोन पाकिटे घ्या. कातरण वाया जात नाही, ओल्या कपड्यासह घट्ट गुंडाळून ठेवली की पुन्हा वापरता येते.

नक्षी कशी निवडायची

इथे थोडे थांबून विचार केला तर पुढचा बराच त्रास वाचतो. नक्षी दोन प्रकारे उमटते. ठशावर जे वर आलेले असते ते क्लेत खड्डा करते. ठशावर जे कोरलेले असते ते क्लेत वर उठते. काजूच्या पानाची मागची बाजू घ्या. तिच्या शिरा फुगीर असतात, म्हणजे क्लेत त्यांच्या चरी पडतात आणि मधली मुख्य शीर सर्वांत खोल चर पाडते. ती शीर पट्टीला आडवी आली, म्हणजे मनगटाभोवतीच्या दिशेला काटकोनात पडली, तर पट्टी तिथेच वाकेल आणि एके दिवशी तिथेच तुटेल. तेच पान पट्टीच्या लांबीच्या दिशेने ठेवले तर धोका पुष्कळ कमी होतो. पिंपळाच्या पानाच्या शिरा त्यामानाने नाजूक, त्यांचा ठसा उथळ आणि सुंदर येतो. सुपाच्या किंवा बांबूच्या टोपलीच्या विणीचा मोह होतो, पण तो ठसा इतका खोल असतो की दीड मिमीच्या क्लेत तो झेपत नाही.

गोव्यात राहणाऱ्याला एक नक्षी हाताशीच आहे: देवळांच्या भिंतींवरची कावी. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो हवा तिथे खरवडायचा आणि खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती कला. म्हणजे मुळातच दोन पातळ्या, मधल्या छटा नाहीत, आणि रेषा ठळक. मेटल क्लेला नेमके हेच लागते, कारण शेवटी चांदीवरही दोनच रंग उरतात, खोलगट भागात काळा आणि उठावावर उजळ. कमळाची पाकळी, वेलीचे वळण किंवा वर्तुळात वर्तुळे अशी एखादी आकृती कागदावर उतरवा, ती रबराच्या किंवा लिनोच्या शीटवर घ्या आणि रेषाच कोरा, भोवतालची जागा नाही. चर 0.4 मिमीपेक्षा खोल नको. कोरलेली रेषा क्लेत उठून येते, खालची पट्टी पूर्ण जाडीची राहते आणि नक्षीने ताकद खाल्ली जात नाही. कोरीव ठसा असेल तर आकृती उलटी कोरायची, हे मात्र विसरू नका. पानाफुलांत ते खपून जाते, अक्षरात नाही.

तिसऱ्यांच्या शिंपल्यांच्या रेघाही देखण्या उमटतात. शिंपला गोलसर असल्यामुळे तो थेट दाबता येत नाही. दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या सिलिकॉन पुटीत त्याचा साचा घेऊन मग साच्यावर क्ले लाटावी लागते.

लाटणे, ठसा, कापणे

मळलेली क्ले नेवऱ्यांच्या पिठासारखी घट्ट पण न तडकणारी हवी. चिमटीत दाबून कडेला भेगा पडल्या तर बोटाने एक थेंब पाणी लावून प्लॅस्टिकमध्ये मळा. पाणी आरओचे किंवा डिस्टिल्ड घ्या. इथे एक गोष्ट गोव्यातल्या वाचकासाठी वेगळी सांगावी लागते. या विषयावरची बहुतेक माहिती कोरड्या हवेत काम करणाऱ्यांनी लिहिलेली आहे, आणि ते सतत पाणी शिंपडायला सांगतात. किनारपट्टीच्या दमट हवेत तेवढे पाणी घातले तर क्ले चिकट होते, ठशात अडकते आणि नक्षी ओढली जाते. पावसाळ्यात तर पाकीट उघडल्यावर गोळा पाच-दहा मिनिटे उघडा ठेवावा लागतो. हाताला चिकटायची थांबली की लाटायला घ्या.

जाडी सांभाळण्यासाठी दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवतात आणि लाटणे त्यांच्यावरून फिरवतात. पत्त्यांची चळत वापरली तर साधारण चार पत्ते म्हणजे 1 मिमी. पण सगळ्या कॅटांची जाडी सारखी नसते, म्हणून व्हर्नियरने मोजूनच घ्या. आधी 2 मिमीवर साधी पोळी लाटा. ठशाला आणि क्लेला खोबरेल तेलाचा हात फिरवा, अगदी पुसट. मग क्ले ठशावर ठेवा, बाजूच्या पट्ट्या बदलून 1.5 मिमी करा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच, जोर देऊन लाटा. उलट फिरवलेत की क्ले ठशावर किंचित सरकते आणि प्रत्येक रेषेशेजारी तिची सावली उमटते. ठसा बिघडला तर गोळा करून पुन्हा लाटा, पण त्याआधी वरचे तेल टिपून घ्या. तेल आत मळले गेले तर क्लेत पापुद्रे सुटतात आणि ते भाजल्यावरच दिसतात. लाटणे आणि पाटा ॲक्रिलिकचा असावा. ॲल्युमिनियमचे काहीही सिल्व्हर क्लेला लावू नका. त्याचे कण अंगात राहिले तर भाजल्यावर तिथे करडे डाग आणि खड्डे पडतात.

सहाही पट्ट्या एकाच लांब पोळीतून कापल्या तर वेल एका पट्टीतून दुसरीत जाते आणि ब्रेसलेट एकसंध दिसते. त्यासाठी पोळी सुमारे 165 मिमी लांब आणि 20 मिमी रुंद लाटावी लागते. जुन्या प्लॅस्टिक फाइलच्या पुठ्ठ्यातून 26.7 बाय 15.6 मिमीचा नमुना कापून घ्या, तो वर ठेवून पातळ पात्याने सरळ खाली दाबा. पाते ओढू नका, ओढले की कोपरा लांबतो. कापल्याबरोबर प्रत्येकीच्या मागे सुईने हलकाच क्रमांक घाला.

आता वळण. हार्डवेअरच्या दुकानात 63 मिमीचा पीव्हीसी पाइप मिळतो, त्याचा वीतभर तुकडा पुरे. वळणही 10 टक्के आक्रसते, म्हणजे 63 चे साधारण 57 मिमी होते, आणि आपल्या 174 मिमी घेराला नेमका जवळपास तेवढाच व्यास लागतो. पाइपवर बटर पेपर गुंडाळा, म्हणजे वाळताना पट्टीला सरकायला वाव राहतो. पट्टी नक्षी वर करून पाइपवर ठेवा आणि मऊ स्पंजने टोके हलकेच टेकवा. बोटाने दाबू नका, उठाव सपाट होतो. टोके वळवताना केसासारख्या भेगा दिसल्या तर क्ले कोरडी पडली आहे. ती पट्टी बाजूला काढून पुन्हा लाटलेली बरी, भेग बुजवून ब्रेसलेट करू नका.

वाळवणे

वाळवायला लागणारा वेळ गोव्यात सगळ्यात फसवा. हाताला कोरडी लागणारी पट्टी आतून ओली असू शकते, आणि जून ते सप्टेंबर या काळात नुसती रात्रभर ठेवून ती कधीच पुरी वाळत नाही. आत राहिलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होते. वाफ बाहेर पडायला जागा शोधते. मग पृष्ठभागावर फुगवटा येतो किंवा पट्टीचा टवका उडतो.

पाइपवर पट्टी आकार धरण्याइतकी वाळली की अलगद काढून घ्या. पीव्हीसी तापवायचा नाही. पुढे 60 ते 100 अंशांवर ओव्हनमध्ये किंवा फळे वाळवण्याच्या यंत्रात दोन तास ठेवा. पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका, वरची बाजू आधी वाळते, कडा उचलल्या जातात आणि सहा पट्ट्यांची सहा वळणे होतात. वाळली की नाही हे पाहायच्या दोन खात्रीच्या रीती आहेत. कोमट पट्टी थंड आरशावर अर्धा मिनिट ठेवा. काचेवर वाफेचा धूसर डाग आला तर पाणी शिल्लक आहे. किंवा 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तासाच्या अंतराने दोनदा वजन करा. आकडा हलला नाही तर पुढे जा.

वाळलेली पट्टी खडूइतकी ठिसूळ असते, पण सगळी सुबक कामे याच अवस्थेत करायची, कारण भाजल्यावर हेच काम धातूवर कानस मारून करावे लागते. पट्टी ओल्या नव्हे, कोरड्या स्पंजावर आडवी ठेवा. कडा आधी 400, मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. चारही कोपरे दीड मिमी त्रिज्येने गोल करा. टोकदार कोपरा कपड्यात अडकतो आणि टवकाही तिथूनच निघतो. घासलेली पूड कागदावर जमा करा. पाण्यात कालवून तिची पेस्ट होते. पेस्टला दमट हवेत बुरशी लवकर धरते. साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाकला की धरत नाही. माडाच्या सुरेचे व्हिनेगर इथे वापरू नका, त्यात इतर पुष्कळ काही असते.

भोके घाईत पाडली जातात आणि ब्रेसलेट त्यापायीच जाते. भाजल्यावर भोक 2 मिमीचे आणि त्याच्या बाहेर काठाला किमान 1.5 मिमी धातू हवा. म्हणजे भोकाचा मध्य काठापासून 2.5 मिमी, वाळलेल्या पट्टीवर तो 2.8 मिमीवर खूण करा. आधी 1.5 मिमीचे, मग 2.2 मिमीचे पाते हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये लावून हळूहळू फिरवा, वरून दाबू नका. भोक नक्षीच्या खोल भागात येत असेल तर तिथे मुळातच धातू कमी आहे. म्हणून ठसा निवडतानाच दोन्ही टोकांना 5 मिमी जागा साधी सोडली तर सर्वांत चांगले. हे दिसायलाही बरे दिसते; नक्षीला चौकट मिळते.

भाजणे

सिल्व्हर क्ले फुंकणीने किंवा गॅसवरही भाजता येते, आणि कानातल्यांना ते पुरते. ब्रेसलेटला पुरत नाही. तापमान दाखवणारी आणि धरून ठेवणारी विजेची भट्टी हवी. डिचोलीच्या कुंभारांच्या पारंपरिक आव्यासारखी उघडी भट्टी मातीच्या भांड्यांना योग्य, पण तिच्यात एका कोपऱ्याचे तापमान दुसऱ्याशी जुळत नाही आणि आपल्याला चुकायला वाव फार थोडा आहे. 900 अंशांवर दोन तास, हे शुद्ध चांदीच्या क्लेसाठी उद्दिष्ट. वितळण्याचा बिंदू तिथून जेमतेम 60 अंशांवर आहे. भट्टीचा काटा 60 अंशांहून जास्त खोटे बोलत असेल तर नक्षीचे उठाव गोलावतात आणि पृष्ठभाग पाण्यासारखा चकाकतो. ती पट्टी मग परत येत नाही. भट्टी पारखलेली नसेल तर 870 अंशांवर दोन तास ठेवा. पाकिटावर 650 अंश, 30 मिनिटे असेही लिहिलेले आढळते. ती किमान पातळी आहे. तेवढ्यावर कण जोडले जातात, पण रोज वापरायच्या पट्टीला लागणारा चिवटपणा येत नाही.

वळणदार पट्ट्या सपाट शेल्फवर नुसत्या ठेवल्या तर एवढ्या उष्णतेत नरम पडून बसतात. नर्सरीत कुंडीच्या मातीत घालायला व्हर्मिक्युलाइट मिळते. मातीच्या पसरट भांड्यात त्याचा थर द्या आणि पट्ट्या एकमेकींना न टेकता त्यात अर्ध्या रोवा. ते हाताळताना तोंडावर मास्क असू द्या. सुरुवातीला चिकट पदार्थ जळताना थोडा धूर येतो, खिडकी उघडी ठेवा. मधल्या टप्प्यात पदार्थ जळून गेलेला असतो आणि चांदी अजून जोडलेली नसते, तेव्हा भट्टी उघडून काही हलवायला गेलात तर पट्टीचा भुगा होतो. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर मात्र घाबरू नका. भट्टी आपोआप थंड होऊ द्या, वीज आली की पुन्हा पहिल्यापासून तापवा आणि पूर्ण दोन तास नव्याने मोजा. चांदीच्या क्लेचे दुसऱ्यांदा भाजल्याने काही बिघडत नाही.

आता ती चाचणीपट्टी. पक्कडीत धरून 90 अंशांत वाकवा. न तडकता वाकली तर ब्रेसलेट भाजले गेले आहे. कटकन तुटली आणि तुटलेली कड दाणेदार दिसली तर भाजणी कमी झाली. सगळ्या पट्ट्या पुन्हा भट्टीत. ही परीक्षा ब्रेसलेटच्या पट्टीवर घेता येत नाही, म्हणूनच चाचणीपट्टी त्याच घाण्यात भाजायची.

तांब्याच्या किंवा ब्राँझच्या क्लेचे ब्रेसलेट स्वस्त पडते, पण ही क्ले हवेत भाजली की काळी पडते आणि जुळत नाही. ती स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशात पुरून भाजतात. चुलीचा कोळसा कुटून ते काम होत नाही.

ओप, काळेपणा, कड्या

भट्टीतून निघालेली पट्टी पांढरी, पिठूळ दिसते. काही बिघडलेले नसते. पृष्ठभागावरचे खडबडीत कण प्रकाश सगळीकडे फेकतात, एवढेच. रिठ्याच्या पाण्यात बुडवून पितळी ब्रशने घासा, सोनार घासतात तशीच. पांढरेपणा जाऊन चांदी दिसू लागते. नंतर स्टीलच्या छर्‍यांचे टम्बलर (फिरता डबा) मिळाले तर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून दोन तास फिरवा. याने चकाकी येते, वरची छिद्रे दाबली जातात आणि पृष्ठभाग थोडा टणकही होतो. टम्बलर नसेल तर ओपणीने (ओप द्यायच्या गुळगुळीत हत्याराने) उठाव आणि कडा एकेक करून घासाव्या लागतात. वेळ जातो, पण कडेला ओप द्यायचा कंटाळा करू नका. भेग कडेवरून सुरू होते.

कड्या 92.5 टक्के चांदीच्या घ्या, 18 गेजच्या तारेच्या म्हणजे सुमारे 1 मिमी जाड, आतला व्यास 5 मिमी. दोन काठांचे दीड-दीड मिमी त्यात बसून मध्ये 2 मिमी अंतर उरते, आधीच्या हिशेबात धरलेले तेच. शुद्ध चांदीची कडी नरम असते, ओढ बसली की उघडते. कडी उघडताना टोके बाजूला, एक पुढे एक मागे अशी फिरवा. ताणून फाकवली तर गोलाई परत येत नाही. नुसत्या मिटवलेल्या कड्यांचे ब्रेसलेट आज ना उद्या रस्त्यात पडते, म्हणून डाग देऊन (सोल्डर करून) घ्या. स्वतः जमत नसेल तर शेटकडे (सोनाराकडे) न्या, पण त्यांना एक गोष्ट सांगा: ही चांदी सच्छिद्र आहे आणि डाग शोषून घेते. कडीचा सांधा पट्टीपासून दूर, दोन पट्ट्यांच्या मधोमध फिरवून मगच डाग द्यायचा. नाही तर कडी भोकालाच चिकटून बसते आणि पट्टी हलत नाही. डागानंतरचा काळसरपणा काढायला किराणा दुकानातले लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून पुरते. भांडे काचेचे घ्या, आणि त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका. बुडवला तर सगळ्या चांदीवर तांब्याची तांबूस झाक बसते.

हूक तयार विकत घेतलेला बरा, हे आमचे स्पष्ट मत. क्लेचा टॉगल (कडीत आडवी दांडी अडकवायचा हूक) देखणा होतो, पण त्याची दांडी पातळ असते आणि सगळा ताण तिच्यावर येतो. करायचाच असेल तर कडीचा आतला व्यास 10 मिमी असताना दांडी किमान 18 मिमी लांब आणि 2.5 मिमी जाड ठेवा.

काळेपणा सर्वांत शेवटी द्यायचा, कारण डागाच्या आचेने तो उडून जातो. ब्रेसलेट साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा. लिव्हर ऑफ सल्फरचे (चांदी काळी करणाऱ्या गंधकाच्या रसायनाचे) दोन-चार थेंब वाटीभर गरम पाण्यात टाका, ब्रेसलेट काही सेकंद बुडवा, बाहेर काढून थंड पाण्यात धरा, रंग पाहा, पुन्हा बुडवा. रंग सोनेरी, तांबूस, निळा असा बदलत काळ्यावर जातो. एकदम दाट द्रावणात बुडवलेला काळा थर जाड बसतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. त्याची वाफ श्वासात घेऊ नका, काम खिडकीशी करा. रसायन नको असेल तर उकडलेल्या अंड्याचा गरम बलक कुस्करून ब्रेसलेटसोबत बंद डब्यात ठेवा. बलकाला चिकटू देऊ नका. काही तासांत चांदी काळवंडते. मग 1200 नंबरचा पेपर बोटाभोवती न गुंडाळता सपाट, कडक पट्टीवर लावून फक्त उठावांवरून फिरवा. बोटावर गुंडाळला तर तो खोलगट भागात शिरतो आणि कावीची रेषा भोवतालच्या काळ्यातून उठून येण्याऐवजी सगळे मिळून राखाडी होते.

किनाऱ्याजवळच्या खारट, दमट हवेत चांदी लवकर काळवंडते. घालून झाल्यावर पुसून, हवा काढून टाकलेल्या झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. रबरबँड लावून ठेवू नका; रबरातल्या गंधकाने नेमका त्याच्या रुंदीचा काळा पट्टा उमटतो. वर्षातून एकदा सगळी भोके भिंगाखाली पाहा. कडीने भोक बाहेरच्या बाजूला ओढून लांबट केले असेल आणि काठ 1 मिमीच्या खाली गेला असेल, तर ती पट्टी काढून घ्या. तिच्या मागच्या क्रमांकावरून त्याच ठशाची नवी पट्टी करून बसवता येते. म्हणून ठसा, नमुना आणि आक्रसण्याचा मोजलेला आकडा एकाच पाकिटात जपून ठेवा.